वकिलाची हयगय व पक्षकाराचें कर्तव्य

वकीलपत्रावर सही करून फीचा पहिला हप्ता दिला कीं दाव्याची सारी चिंता वकिलाच्या शिरीं गेली, असा समज आपल्या शेतकरी वर्गांत फार दृढ आहे. गड्याच्या हातीं औत दिलें तरी धनी बांधावर उभा राहून तास सरळ पडतो कीं नाहीं हें पाहतो. पण तोच धनी दाव्याच्या बाबतींत "तारीख पडली आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानून घरीं परततो. महसूल खात्याच्या नोकरींत असतांना, दिवाणी कोर्टांत आपल्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाल्याचें फेरफाराची नोटीस हातीं पडल्यावरच ज्यांस कळलें, असे खातेदार मीं पाहिले आहेत.

वकीलवर्ग सरसकट असा नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पण जेथें हयगय होते तेथें जमीन पक्षकाराची जाते, वकिलाची नव्हे.

कायदा या बाबतींत कडक आहे. वादीच्या बाजूनें कोणीच हजर नसेल व प्रतिवादी हजर असून दावा नाकबूल करीत असेल, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें दावा काढून टाकला जातो आणि त्याच कारणावर नवा दावा आणतां येत नाहीं. काढलेला दावा पुन्हा चालू करून घेण्याच्या अर्जास मुदत अवघी ३० दिवसांची. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासही तेवढीच. नंतर गेल्यास विलंबाचें सबळ कारण दाखवावें लागतें.

वकिलाच्या कसुरीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणांत म्हटलें. हा निकाल पुष्कळांच्या तोंडीं असतो. परंतु हा कांहीं सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे, असें त्याच न्यायालयानें १९९३ मध्यें सलिल दत्त यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें, हें थोड्यांस ठाऊक असतें. तेव्हां कोर्टाच्या दयेवर वाडवडिलांची जमीन टांगून ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

माझें मत असें कीं, आधीं दावा वाचवावा, मग वकिलाशीं भांडावें. तारखेस स्वतः हजर राहावें व शंका येतांच रोजनाम्याची नक्कल काढावी. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक जवळ असल्यास पुढील तारीख ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येते. वकील दाद देत नसेल तर काय करावयाचें राहिलें आहे तें लिहून पत्र पाठवावें व त्याची पोच जपावी. तरीही फरक न पडल्यास वकील बदलावा. जुन्या वकिलाची लेखी नाहरकत मिळाली तर उत्तम. न मिळाली तर त्याचें वकीलपत्र रद्द करण्याचा अर्ज स्वतःच्या सहीनें देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलास हक्क नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं ठरविलें आहे.

तक्रारीचा मार्गही आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्याच्या कलम ३५ खालीं महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची दाद मागतां येते. पण तेथें वकिलास शिक्षा होईल. बुडालेला दावा परत मिळणार नाहीं. ग्राहक आयोगाचें दार तर २०२४ च्या निकालानें बंद झालें आहे.

म्हणून प्रत्येक पक्षकारानें घरीं एक वही ठेवावी. तींत तारीख, त्या दिवशीं कोर्टांत झालेलें काम, दिलेली फी व पुढील तारीख एवढेंच लिहावें. ज्या तारखेपुढें सहा महिने कांहींच लिहितां आलें नाहीं, तेथें विचारपूस करण्याची वेळ आली असें समजावें. चार आण्यांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्यास हें जड जाण्याचें कारण नाहीं.