तांडा सुटला, दाखला अडला

सोयाबीनचा पैसा देणी फेडण्यात गेला की वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा, मंगरुळपीरकडचे बंजारा तांडे रिकामे होऊ लागतात. कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, कोणी कोयता घेऊन उसाच्या फडात. काही कुटुंबे तिकडेच राहिली आणि त्यांची पोरे तिथेच वयात आली. घरात गोरमाटी बोली, शाळेत मराठी, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा. या पिढीने नवे शहर केव्हाच आपले मानले. शहराच्या लेखी मात्र ती कुठली, हे बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत जातीचा दाखला मागितला की कळते.

बंजारांसह विमुक्त जातींसाठी मानीव दिनांक आहे 21 नोव्हेंबर 1961. त्या दिवशी घराणे जिथे राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याने जातीचा दाखला द्यायचा, पडताळणीही तिकडच्याच समितीकडे. म्हणजे पुण्यात जन्मलेल्या पोरीने आजोबांचा पुरावा शोधत मानोऱ्याला यायचे. आजोबा शाळेत गेले नाहीत, तेव्हा दाखलखारीज नोंदवहीत नाव नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. उरले गावच्या जन्म-मृत्यूनोंदींचे कोतवाल बुक, तेही सापडले तर! आणि गंमत अशी की 1961 साली वाशीम जिल्हाच नव्हता; तो 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. बापाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल तर वाट सोपी, नसेल तर मजुरी बुडवून हेलपाटे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पुरावा मात्र पायपीट करूनच मिळवावा लागतो. राज्याची हद्द ओलांडली तर आणखी तऱ्हा: हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि इथून गेलेल्याला दोन्हींकडे सवलत नाही.

बोगस दाखल्यांची भीती खोटी नाही. पण तपासाचे ओझे अठरा वर्षांच्या पोरांवर का? रेशनकार्ड देशभर चालते. मग एका तहसीलचे कागद दुसऱ्या तहसीलला मागवता येऊ नयेत? कुटुंब राहते तिथेच अर्ज घ्यावा, जुनी नोंद कार्यालयाने कार्यालयाकडून मागवावी आणि नोंद नसेल तिथे तांड्याच्या नायकाचा, कारभाऱ्याचा जबाब गृहचौकशीत घ्यावा.

5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. समाजाच्या भूतकाळाची सोय झाली, हे चांगलेच; आता पोरांच्या भविष्याचीही व्हावी. रामनवमीच्या यात्रेला बाहेरगावी गेलेला सगळा समाज तिथे जमतो. जिल्हा प्रशासनाने येत्या यात्रेत महसूल आणि पडताळणी समितीचा एकत्र मंडप टाकावा, कोतवाल बुके सोबत आणावीत आणि अर्ज तिथेच दाखल करून घ्यावेत.