सोयीचे विद्यापीठ

अमेरिकन लोकप्रिय कथनांत हडसन नावाचे एक विद्यापीठ वारंवार भेटते. न्यूयॉर्क राज्यातून वाहणाऱ्या हडसन नदीचे नाव त्याला आहे. प्रत्यक्षात मात्र त्या राज्यात या नावाचे विद्यापीठ नाही. डिसेंबर १९६९ च्या 'बॅटमन' या चित्रकथा-मासिकाच्या २१७ व्या अंकात डिक ग्रेसन, म्हणजेच रॉबिन, वेन यांचा वाडा सोडून शिक्षणासाठी या विद्यापीठात गेला. डिक वुल्फ याने निर्माण केलेली 'लॉ अँड ऑर्डर' ही दूरचित्रवाणी मालिका १९९० मध्ये सुरू झाली. तिच्यात आणि तिच्यातून १९९९ मध्ये निघालेल्या 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या मालिकेत खून, बलात्कार, फसवणूक यांचा तपास करणारे पोलीस पुन्हापुन्हा हडसनच्याच आवारात येतात. अन्य निर्मात्यांच्या मालिकांनीही पुढे हे नाव उचलले आहे.

या पुनरावृत्तीचा अर्थ कसा लावावयाचा, हा येथे प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. दोन संहितांत एकच काल्पनिक स्थळ आले, म्हणजे त्या दोन संहिता परस्परांशी बोलू लागल्या. त्यांचे विश्व एक झाले. लेखकाच्या पलीकडे जाऊन संहितांनी आपले जाळे विणले, असे हे उत्तर आहे. 'आंतरसंहितात्मकता' ही संज्ञा एकदा उच्चारली की पुढचा विचार करण्याचे कारण उरत नाही, अशी या मांडणीची धारणा दिसते. प्रस्तुत लेखकाला ही धारणा चुकीची वाटते. ती निरुपद्रवी आहे, असेही वाटत नाही.

संज्ञेपासूनच प्रारंभ करू. ज्युलिया क्रिस्तेवा यांनी १९६० च्या दशकात ती घडवली तेव्हा एका चिन्हव्यवस्थेचे दुसरीत होणारे रूपांतर, आणि त्या रूपांतरात अर्थाची जागाच बदलणे, हा तिचा आशय होता. या संज्ञेचा वापर 'कोणी कोठून काय घेतले' एवढ्या उथळ शोधापुरता होऊ लागला आहे हे पाहून १९७४ मध्ये त्यांनी स्वतःच तिच्याऐवजी 'स्थानांतरण' हा शब्द पसंत केला. ज्या संज्ञेविषयी तिची जननीच साशंक झाली, ती आपण आज नावांच्या जुळणीसाठी वापरतो. डीसी या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांतील हडसन न्यू कार्थेज नावाच्या काल्पनिक गावात आहे. वुल्फच्या मालिकांतील हडसन न्यूयॉर्क शहरात. एकाने दुसऱ्याचे काही रूपांतरित केलेले नाही. मालिकेतील तपासाधिकाऱ्याला येथे कधी रॉबिन शिकत होता हे ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्याने काही बिघडतही नाही. ज्या संबंधाचे ज्ञान झाल्याने दोहोंपैकी एकाही संहितेचा अर्थ बदलत नाही, त्याला संबंध का म्हणावे?

या संदर्भात एका विनोदाची झालेली दशा पाहण्यासारखी आहे. 'सेंट एल्सव्हेअर' या अमेरिकन मालिकेचा १९८८ मधील अखेरचा भाग, सारे रुग्णालय टॉमी वेस्टफॉल नावाच्या मुलाच्या हातातील काचेच्या गोळ्यात असल्याचे सूचित करून संपतो. चित्रकथाकार ड्वेन मॅकडफी यांनी २००२ मध्ये या शेवटावरून असा तर्क लढवला, की या मालिकेशी एखाद्या पात्राने जोडलेल्या सर्व मालिका, आणि त्यांच्याशी जोडलेल्या इतरही, त्याच मुलाच्या मनातील ठरतात. सर्व कथांचे एकच सुसंगत विश्व असलेच पाहिजे हा चित्रकथा-वाचकांचा अट्टहास किती हास्यास्पद टोकाला जाऊ शकतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी हा तर्क ताणला होता. पुढे लोकांनी त्याचे तक्ते बनवले. चाहत्यांनी ते बनवले याबद्दल तक्रार नाही. खेळ हा त्यांचा हक्क आहे. तक्रार आहे ती समीक्षेने तोच तक्ता उचलून त्याला सिद्धान्ताचे नाव देण्याबद्दल.

काल्पनिक विद्यापीठ अनेक कृतींतून फिरू नये, असे मला म्हणावयाचे नाही. एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या १९२० च्या दशकापासूनच्या कथांतील मिस्कॅटॉनिक विद्यापीठ कितीतरी लेखकांनी आपल्या कथांत नेले. पण ते जेथे गेले तेथे आपले ग्रंथालय घेऊन गेले. 'नेक्रोनॉमिकॉन' हा काल्पनिक ग्रंथ, तो वाचण्याचे भय, ज्ञानाला असलेली निषिद्ध सीमा, हे सारे त्या नावाबरोबर प्रवास करते. नवा लेखक त्यात भर घालतो किंवा त्याची टर उडवतो. टॉमस हार्डी याने 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' (१८९५) मध्ये ऑक्सफर्डचे नाव लपवून ख्राइस्टमिन्स्टर निर्माण केले. ते नाव एका दगडी पाथरवटाच्या आयुष्यावर भिंतीसारखे उभे राहते. महाविद्यालयाच्या प्रमुखाकडून त्याला उत्तर येते ते 'आपल्या धंद्यातच राहा' अशा सल्ल्याचे. नाव खोटे आहे आणि आरोप नेमका आहे. नाव लपवणे हा दोष नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. लपवलेल्या नावामागे काहीच न उभारणे हा दोष आहे.

हडसनमागे काय उभारले आहे? तेथे काय शिकवले जाते, कोणत्या विषयात त्याचा लौकिक आहे, त्याचा पैसा कोठून येतो, तेथे कोणाला प्रवेश मिळतो आणि कोणाला नाही, याची काही परंपरा त्या नावाभोवती जमलेली नाही. प्रत्येक कथेला जे हवे ते तेथे त्या दिवसापुरते असते. एका भागात मुजोर श्रीमंत विद्यार्थी, दुसऱ्यात महत्त्वाकांक्षी संशोधक, तिसऱ्यात विद्यार्थिनींशी गैरवर्तन करणारा प्राध्यापक. भाग संपला की सामान आवरले जाते.

येथे विद्यापीठ आणि मालिका या दोन रूपांतील मूलभूत विरोध ध्यानात घेतला पाहिजे. अम्बेर्तो एको यांनी सुपरमॅनविषयीच्या १९६२ च्या निबंधात दाखवले की मालिकेच्या नायकाला काळ परवडत नाही. प्रत्येक कृती माणसाला थोडे थोडे खर्च करीत नेते. नायक खर्च होऊ नये म्हणून प्रत्येक कथा जणू मागे काही घडलेच नाही अशी नव्याने सुरू करावी लागते. विद्यापीठ तर काळाचीच संस्था आहे. प्रवेशाचे वर्ष, सत्र, परीक्षा, नापास होणे, पदवी, निरोप यांतूनच ते घडते. अशी संस्था मालिकेत आणावयाची तर तिच्यातील काळ काढून टाकावा लागतो. मार्व्हेलच्या चित्रकथांत पीटर पार्कर डिसेंबर १९६५ च्या अंकात एम्पायर स्टेट या दुसऱ्या काल्पनिक विद्यापीठात दाखल होतो आणि त्याचा पदवीदान समारंभ येतो तो ऑक्टोबर १९७८ च्या अंकात. तेथेही शारीरिक शिक्षणाचे गुण अपुरे भरल्याने पदवी हुकते! डिक ग्रेसनची कथा याहून बोलकी आहे. १९८० मध्ये 'द न्यू टीन टायटन्स' सुरू झाले तोवर तो हडसन सोडून बाहेर पडला होता, पदवी नाहीच. विद्यापीठात तो गेला, यामुळे घर सुटले आणि एक मालिका बदलली. विद्यापीठातून तो आला, यामुळे काहीच बदलले नाही. मराठी वाचकाला येथे 'कोसला' (१९६३) आठवल्यावाचून राहणार नाही. पांडुरंग सांगवीकरही पुण्याहून हात हलवतच परततो. पण त्या परतण्यामागे मोजलेली वर्षे आहेत, वसतिगृहाच्या खाणावळीचा हिशेब आहे. ज्या काळाने त्याला रिते केले तो काळ कादंबरीभर साचलेला आहे.

काळ काढून घेतल्यावर इतिहासही जातो, आणि येथे प्रश्न रूपाचा राहत नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. युद्धविषयक संशोधनाशी असलेले विद्यापीठाचे संबंध आणि हार्लेमलगतच्या सार्वजनिक उद्यानात उभारली जाणारी व्यायामशाळा, ही त्यांची कारणे होती. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६९ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ६८ व्या अंकात, एम्पायर स्टेटचे विद्यार्थी प्रदर्शनगृहाच्या इमारतीवरून निदर्शने करताना दिसतात. अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृह व्हावे अशी त्यांची मागणी असते. युद्ध गेले, हार्लेम गेले, उरले वसतिगृह. तेही लवकरच मागे पडते, कारण गोंधळाचा फायदा घेऊन किंगपिन हा गुंड प्रदर्शनातील प्राचीन शिलापट्ट पळवतो आणि कथा त्याच्या मागे धावते. काल्पनिक नावाने काय साधले? नावाबरोबर प्रश्नालाही टोपणनाव मिळाले.

आता हडसनकडे परत येऊ. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने व्हर्जिनिया विद्यापीठातील सामूहिक बलात्काराचे एक वृत्त प्रसिद्ध केले. त्यातील तपशील टिकेनात, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने केलेल्या परीक्षणानंतर एप्रिल २०१५ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच एप्रिलमध्ये 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट'चा एक भाग प्रक्षेपित झाला. विद्यार्थिनीचा सामूहिक बलात्काराचा जाहीर आरोप, त्यावर उसळलेला क्षोभ, मग तपशिलांविषयीचा संशय, सारे त्यात होते. विद्यापीठ होते हडसन.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. खोट्या ठरलेल्या वृत्तात खऱ्या माणसांची आणि संस्थांची नावे होती, त्यांना त्याची झळ बसली; मग मालिकेने काल्पनिक नाव घेतले यात न्यायच नाही का? आहे. निरपराधांना वाचवण्यासाठी नाव बदलणे हे लेखकाचे कर्तव्यच ठरू शकते. पण हडसन निरपराधांना वाचवते तसे अपराध्यांनाही वाचवते, आणि दोहोंना एकाच सहजतेने. या मालिकांचे काही भाग प्रकरण दडपणाऱ्या विद्यापीठ-प्रशासनावर बोट ठेवतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढच्या वेळी आपण त्या आवारात शिरतो तेव्हा ते पुन्हा निष्कलंक असते. इतक्या वर्षांत एकाच विद्यापीठात इतके अत्याचार कसे झाले, हा प्रश्न विचारणारा कोणी त्या जगात नाही. तो प्रश्न विचारला गेला तर मालिकेला संस्थेची कथा सांगावी लागेल. व्यक्तींचे गुन्हे सोडवून भागणार नाही. 'पुढील कथा काल्पनिक असून ती कोणत्याही खऱ्या व्यक्तीचे वा घटनेचे चित्रण नव्हे' अशी पाटी अशा भागांच्या आरंभी लावली जाते. हडसन हे त्या पाटीचेच स्थळरूप आहे. वकिलाच्या टेबलावर जे वाक्य तयार होते, तेच येथे विटामातीचे सोंग घेऊन उभे राहते. म्हणूनच त्याच्या पुनरावृत्तीतून विश्व निर्माण होत नाही. शंभरदा लावली तरी पाटी ही पाटीच राहते.

विद्यापीठाचे नाव ही काय चीज असते, हे निदान मराठी समीक्षकाला परक्या सिद्धान्तग्रंथांतून शिकावे लागू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. ज्ञान कोणाचे, दार कोणासाठी, इतिहास कोणाच्या नावे, हे सारे त्या नावात होते. ही घटना अमेरिकन मालिकेच्या शेजारी ठेवून तुलना करण्याचा माझा हेतू नाही. दोहोंची जातकुळीच वेगळी आहे. म्हणावयाचे आहे ते इतकेच, की ज्या भाषेत हे घडले त्या भाषेत बसून 'नाव हे केवळ मुक्त फिरणारे चिन्हक आहे' असे लिहिताना लेखणी जराशी अडखळावी, ही अपेक्षा गैर नव्हे.

विद्यापीठातील प्राध्यापकांनीच अशी समीक्षा लिहावी, ही यातील सर्वांत खेदाची बाब आहे. संस्थेला स्मृती असते, तिच्या चौकशा होतात, अहवाल होतात आणि ते कपाटात जातात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही स्मृती नसलेली, चौकशीला कधीच सामोरी न जाणारी एक संस्था पडद्यावर दिसली की ते तिचे जाळे मोजत बसतात. हे नाव आणखी कोठे आले आहे, हा प्रश्न सूचिकाराचा आहे. तो त्याने जरूर सोडवावा. समीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे: या नावामुळे कृतीला काय करावे लागले नाही? हडसनच्या बाबतीत त्याचे उत्तर कठीण नाही. कृतीला विद्यापीठ निर्माण करावे लागले नाही, त्याला काळ द्यावा लागला नाही, आणि ज्या खऱ्या विद्यापीठातून कथा आली त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे लागले नाही. या तिन्ही गोष्टी टाळल्यावर जे शिल्लक राहते त्याला कल्पित विश्व म्हणणे, हा कल्पनाशक्तीचाही अवमान आहे.