दुकानाची पाटी आता कोठे लावावी?

गेल्या दिवाळीनंतर एका जुन्या स्नेह्याच्या घरी बीबीला जाणे झाले. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचे हे गाव. नव्वदीच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त या भागात माझा काही काळ वास्तव्याचा योग आला होता. तेव्हापासून या घराण्याशी माझा ऋणानुबंध आहे. किराणा व धान्याचे दुकान आणि मागच्या वाड्यात छोटी डाळमिल, असा त्यांचा व्यवसाय. दुकानावर मोठी लोखंडी पाटी होती. रस्त्याने जाणारे ट्रकवाले आणि एस.टी.चे प्रवासी ती पाटी वाचून थांबत. स्नेही अभिमानाने म्हणत, "साहेब, माझा अर्धा गल्ला ही पाटी भरते."

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या त्या वाटेने वळल्या. पाटी जागेवरच राहिली. ती वाचणारे डोळे मात्र कमी झाले.

मी पोहोचलो तेव्हा घरातील वातावरण जड होते. पिता-पुत्रांत आठ दिवसांपासून बोलणे नव्हते. कारण खतावणीत सापडले. मुलाने एका शहरातील जाहिरात-संस्थेला 'गूगलवर पहिला क्रमांक' मिळवून देण्यासाठी सहा महिन्यांचे ३६ हजार रुपये दिले होते, आणि तेही कॅश क्रेडिट खात्यातून. वडिलांना न विचारता. मुलगा वाणिज्य पदवीधर आहे. पुण्याला नोकरी मिळत असताना तो केवळ दुकानासाठी गावी थांबला होता. आता मात्र तो म्हणाला, "काका, बाबांना वाटते की मी पैसे उडवले. तसे असेल तर मी पुण्याला गेलेलाच बरा." वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले. हाही कागद तपासा आणि सांगा, पैसे कोठे गेले."

कर्जप्रकरणाची छाननी करावी त्याप्रमाणे आम्ही तिघे तो करार आणि त्या संस्थेचे मासिक अहवाल घेऊन बसलो. जे दिसले, ते या स्तंभाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण असा दूरध्वनी आज आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर येत असेल.

अहवालात 'पहिला क्रमांक' खरोखरच होता. पण कोणत्या शब्दांसाठी? दुकानाचे संपूर्ण नाव आणि पुढे 'बीबी' एवढे लिहून शोधले असता. त्या नावाचे दुसरे दुकान गावात नाही. आपल्याच नावाची हाक ऐकून आपण प्रथम ओ दिली, याला स्पर्धा जिंकणे म्हणता येणार नाही. ज्याला दुकानाचे नाव ठाऊक आहे, तो गिऱ्हाईक पूर्वीच आपला होता. 'तूरडाळ' किंवा 'जवळचे किराणा दुकान' असे शोधणाऱ्याला दुकान दिसते की नाही, याचा अहवालात उल्लेखही नव्हता. फेसबुकच्या पानाला पसंती देणारे शेकडो होते; त्यातील बहुतेक कोठल्या कोठल्या परप्रांतांतले. ते बीबीला डाळ घ्यायला कधी येणार होते?

याहून गंभीर दोन गोष्टी निघाल्या. गूगल नकाशावरील दुकानाच्या नोंदीत जो दूरध्वनी क्रमांक होता, तो केव्हाच बंद झालेला होता. आणि ती नोंद त्या संस्थेच्या स्वतःच्या ई-मेल खात्यातून केलेली होती. म्हणजे पाटी आपली, परंतु ती उतरवण्याचा वा बदलण्याचा अधिकार परक्याचा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता कर्जदाराची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर!

आता हे शोधयंत्र काम कसे करते, ते थोडक्यात पाहू. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना व्यापाऱ्याला लगेच समजेल अशी आहे. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, यावरून त्या पानाची पत ठरवावी, ही ती कल्पना. आपणही नव्या व्यापाऱ्याची पत ठरवताना चार जुन्या पेढ्यांकडे चौकशी करतोच. यंत्र अगोदर पाने वाचत हिंडते, मग त्यांची सूची करते आणि कोणी प्रश्न विचारला की सूचीतून योग्य वाटतील ती पाने क्रमाने पुढे करते. आज या क्रमवारीत इतर अनेक घटक मिसळले आहेत. पण पत हा शब्द विसरू नये.

गावातील दुकानासाठी यापेक्षा महत्त्वाची आहे ती नकाशावरील नोंद. तेथे क्रम ठरताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल स्वतः सांगते : शोधणाऱ्याच्या गरजेशी आपल्या व्यवसायाचा मेळ, अंतर आणि ख्याती. ही नोंद विनामूल्य आहे. पैसे भरून तिचा क्रम वर नेता येत नाही. जाहिरात विकत घेता येते, पण ती 'प्रायोजित' अशा खुणेसह वेगळी दिसते. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही त्याच कंपनीने जाहीरपणे सांगितलेले आहे. तेव्हा अशी हमी देणारा दूरध्वनी आला तर ती हमीच नकाराचे पुरेसे कारण समजावे.

त्या रात्री मुलाने प्रथम नोंदीची मालकी आपल्याकडे मागण्याचा अर्ज केला. ती मिळाल्यावर चालू क्रमांक, उघडण्या-मिटण्याच्या खऱ्या वेळा आणि साप्ताहिक सुटीचा दिवस भरला. नकाशावरील खूण दुकानाच्या दारावर आणली. मालाची नावे मराठीतही लिहिली. कारण आसपासच्या खेड्यांतील माणूस आज मोबाइलला मराठीत बोलूनच विचारतो. बाजारातून आणलेली चकचकीत चित्रे काढून टाकली आणि स्वतःच्या मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे घातली : डाळमिलचे जाते, पोत्यांची थप्पी, काट्यापुढे बसलेले वडील. वडिलांनी प्रथम नको म्हटले. मग टोपी नीट केली.

व्हॉट्सॲपची व्यावसायिक आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली. छोट्या दुकानदारासाठी तीही विनामूल्य आहे आणि तिच्यात मालाची सूची ठेवता येते. मात्र मुलाने गावातील प्रत्येकाला समूहात कोंबले होते. ते मी बंद करावयास सांगितले. न विचारता रोज सकाळी भाव पाठवणारा दुकानदार हा दारावर रोज थाप मारणाऱ्या फेरीवाल्यासारखा होतो. लोक दार लावून घेतात. ज्यांनी स्वतः होकार दिला, त्यांनाच आठवड्यातून एकदा भाव कळवावा, असे ठरले.

प्रसिद्धी आणि गिऱ्हाईकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या तालुक्याला तरी सांगावयास नको. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे बघता बघता जगभर गेली. खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुढे पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत आढळले. जगाचे डोळे लोणारकडे लागले. पण ते दिवस टाळेबंदीच्या निर्बंधांचे होते. पाहिले सर्वांनी, येणार कोण? आपल्या दुकानाचा एखादा चित्रफीत-तुकडा लाख लोकांनी पाहिला, तरी विचारावयाचा प्रश्न हाच.

मग लोकांपुढे मांडावे तरी काय? याचे उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी दिलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्रक हळूहळू वाचनीय मासिक झाले. गिऱ्हाइकाला उपयोगाचे काही द्यावे म्हणजे तो आपणहून जवळ येतो, हे त्या घराण्याने तेव्हाच ओळखले होते. आजच्या समाजमाध्यमांचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही.

आपल्या काळातील उदाहरण हवे असेल तर अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांचे घ्यावे. सत्तरीतील या आजींनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर पाककृती दाखवण्यास आरंभ केला आणि काही महिन्यांतच लक्षावधी लोक त्यांच्याशी जोडले गेले. झगमगाट नाही, बनावट बोलणे नाही. घरचा स्वयंपाक आणि घरची भाषा. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे खाते चोरट्यांनी बळकावले. काही दिवसांनी ते परत मिळाले, हे सुदैव. आपण तिजोरीला दोन किल्ल्या ठेवतो, तशी या खात्यांनाही दुहेरी पडताळणी लावावी, हा त्यातील बोध. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

आणखी एक सावधगिरी. ही सर्व माध्यमे म्हणजे भाड्याची जागा आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा खेडोपाडीच्या कलावंतांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी जमवलेले चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक त्यांच्या संमतीने आपल्या स्वतःच्या वहीत असलेच पाहिजेत. ती वही कोणी बंद करू शकत नाही.

आता हिशोबाकडे येऊ. समजा, डाळीच्या एका किलोमागे ८ रुपये सुटतात आणि नवे गिऱ्हाईक वर्षाला २५ किलो डाळ नेते. म्हणजे त्याच्यापासून वर्षाचे २०० रुपये. ३६ हजारांचा खर्च भरून निघण्यास १८० नवी गिऱ्हाइके हवीत, आणि व्याज वेगळेच. हे गणित मुलाने करार करण्यापूर्वी मांडले नव्हते. परंतु वडिलांचेही सर्वस्वी बरोबर नव्हते. त्यांच्या लेखी जाहिरातीचा प्रत्येक रुपया उडवलेलाच होता.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीत असताना एका तरुण उद्योजकाच्या प्रकल्प-अहवालातील प्रसिद्धीची रक्कम मी लाल शाईने खोडली होती. शेरा लिहिला होता, 'अनुत्पादक खर्च'. यंत्र त्याने घेतले, माल उत्तम काढला. पण तो माल आहे हे कोणाला कळलेच नाही. ते खाते पुढे थकले. वसुलीला मीच गेलो होतो. त्या दिवशी त्याने मला चहा दिला आणि एक शब्दही उणा बोलला नाही, हे मला आजही सलते. वडिलांना मी ही हकीकत सांगितली.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. त्या संस्थेने काही जादा रकमेत पन्नास उत्तम अभिप्राय 'मिळवून देण्याची' तयारी दाखवली होती. मुलाने अजून होकार दिला नव्हता, पण मोह होता. न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाने प्रशंसा लिहवून घेणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागू नये. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे सांगितले आहे, आणि अचौर्याच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार'. चित्रात एक माल दाखवून पोत्यात दुसरा भरणे याला दुसरे नाव नाही. कायदाही आता तेच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानकही प्रसिद्ध केले आहे. विकत घेतलेले पन्नास अभिप्राय हे पन्नास पिढीजात गिऱ्हाइकांच्या नजरेतून उतरण्याचे साधन ठरते. गावात सर्वांना सर्व ठाऊक असते. खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र 'दोन शब्द लिहा' असे विनयाने म्हणण्यात काही गैर नाही. कोणी तक्रार लिहिली तर ती झाकण्याऐवजी तिचे उत्तर द्यावे.

निघताना मी वडिलांना एक काम दिले. गल्ल्याजवळ एक कोरी वही ठेवावी आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारून लिहावे : 'आमच्याविषयी कोठून कळले?' पहिल्या महिन्यात त्या वहीचे अर्धे पानही भरले नाही. तिसऱ्या महिन्यात पान उलटावे लागले. बहुतेक नोंदी आसपासच्या खेड्यांतल्या आणि लोणारला येणाऱ्या काही प्रवाशांच्या आहेत. गेलेले पैसे परत आले नाहीत आणि येणारही नाहीत. ते मुलाच्या नावे उचल म्हणून लिहावेत की दुकानाचा खर्च म्हणून, यावर घरात बरेच दिवस चर्चा झाली. अखेर वडिलांनी स्वतःच्या हाताने 'दुकान खर्च' असे लिहिले.

मुलाने यंदाच्या तुरीचा हंगाम होईपर्यंत पुण्याचा विचार बाजूला ठेवला आहे. परवा त्याने मला नकाशावर आलेला एक अभिप्राय पाठवला. लिहिणाऱ्याने डाळीबद्दल एक ओळ लिहिली होती आणि काट्यापुढे बसलेल्या टोपीवाल्या काकांबद्दल तीन. वाचकांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या दुकानाचे नाव एकदा नकाशावर शोधून पाहावे, आणि तेथे लिहिलेल्या क्रमांकावर स्वतःच दूरध्वनी करावा. तो लागतो की नाही, एवढे तरी आज कळेल.