परमुलखातील भाडे आणि घरचे गहाणखत

“पुण्यास सदनिका घ्या, भाड्यातूनच हप्ता फिटेल,” असा उपदेश बीदर-कलबुर्गीकडील आमच्या बांधवांच्या कानी वारंवार पडतो. हा उपदेश आम्हांस घातक वाटतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे दोन्ही जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक मात्र लातूर, सोलापूर, पुणे येथेच राहिली. म्हणून पुणे आम्हांस परके वाटत नाही. परंतु कर्जास नातेगोते ठाऊक नसते.

हिशेबच मांडू. घर ५० लाखांचे, कर्ज ४० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो. मोठ्या शहरांत राहत्या घराचे वार्षिक भाडे किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास धरले, तर महिन्यास १२,५०० रुपये मिळतील. उरलेले २२,२०० कोण भरणार? आमच्या शिवारातील तूरच ना? पहिल्या वर्षी निव्वळ व्याजच ३ लाख ३७ हजार, आणि भाडे अवघे दीड लाख! त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि भाडेकरूवाचून जाणारे महिने वजा करावयाचे ते निराळेच.

“किंमत वाढेल,” असे कोणी म्हणेल. वाढेलही, पण ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही, आणि हप्ता मात्र दरमहा दारात उभा राहतो. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागू नये, असा दामदुपटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्राने घातला होता. हप्त्याहप्त्याने दिलेल्या व्याजास तो लागू नव्हता, हे खरे. तथापि वरील कर्जात २० वर्षांचे व्याज ४३ लाखांवर, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक जाते, हे विसरता येत नाही.

घर घेण्यास आमचा विरोध नाही. ज्याच्या गाठीस पैसा आहे, त्याने अवश्य घ्यावे. महारेराकडील नोंदणी पाहावी आणि भाड्याचा करार रीतसर नोंदवावा, कारण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे. आमचा विरोध आहे तो पहिल्या रकमेसाठी वडिलार्जित जमीन वा राहते घर गहाण टाकण्यास. तेथील भाडेकरू निघून गेला, तर येथील चूल विझेल!

उत्सव आटोपताच देवस्थानच्या पैशाचा हिशेब आपण पैपर्यंत मागतो. घरच्या गहाणखतावर सही करण्यापूर्वीही तो तसाच मागावा.