परवाना हाती, पण गाडी हातात आहे का?

मे महिन्याच्या सुटीत सकाळी सहा-सातच्या सुमारास शहरातील कोणत्याही उपनगरात फेरफटका मारला, तर टपावर ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’चा फलक मिरवणाऱ्या गाड्या एकामागोमाग एक संथपणे जाताना दिसतात. चक्र शिकणाऱ्याच्या हाती असते, पण शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. गाडी बव्हंशी त्याच्याच पायांवर चालते. तीन आठवड्यांनी परवाना हाती पडतो आणि मग घरातील अनुभवी मंडळी सांगतात, ‘खरी गाडी आता रस्त्यावर शिकशील.’ चारचाकी क्लासमध्ये शिकावी की अनुभवाने, हा वाद म्हणूनच प्रत्येक घरात रंगतो. आपल्या व्यवस्थेत या दोहोंपैकी एकही गोष्ट धडपणे होत नाही, हे मात्र त्या वादात विसरले जाते.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार खासगी मोटारीच्या प्रशिक्षणाचा काळ किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याचा अवधी किमान दहा तासांचा असावा लागतो. म्हणजे रोज जेमतेम अर्धा तास. खासगी मोटारीच्या परवान्यासाठी क्लास लावण्याचे बंधनही नाही. शिकाऊ परवाना काढून, गाडीला ‘एल’ पाटी लावून आणि परवानाधारक व्यक्तीला शेजारी बसवून घरच्या गाडीवर सराव केला आणि तीस दिवसांनंतर चाचणी दिली, तरी चालते. मात्र शेजारी बसलेल्या वडिलांच्या किंवा काकांच्या पायाशी दुसरा ब्रेक नसतो.

असा मिळालेला परवाना देशातील सर्व रस्त्यांसाठी असतो, हा यातील कळीचा मुद्दा आहे. डेक्कन किंवा डोंबिवलीच्या गल्ल्यांत तिसऱ्या गिअरपलीकडे न गेलेला नवशिका दुसऱ्याच दिवशी समृद्धी महामार्गावर जाऊ शकतो. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग ४० वरून १२० वर गेला की तो तिप्पट होतो, पण गाडी थांबवण्यासाठी शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा नऊपट होते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर शहरात गाडी ११ मीटर पुढे जाते, महामार्गावर ३३ मीटर. हे अंतर गल्लीतल्या दहा तासांत अंगात भिनत नाही.

मग अनुभव हाच गुरू मानावा काय? अनुभवाचे मोल निर्विवाद आहे. थांबलेल्या बसच्या पुढून कोणीतरी धावत येईल, हे अनुभवी चालकाला आधीच उमगते. नवख्याची नजर मात्र गिअर आणि बॉनेटवर खिळलेली असते. तथापि अनुभव चुकाही तितक्याच निष्ठेने शिकवतो. ज्या चुकीची शिक्षा लगेच मिळत नाही, तिची सवय होते. घाटात पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी ‘न्यूट्रल’मध्ये टाकून उतरवणारे अनेक जुनेजाणते चालक आपल्याकडे आढळतात. वास्तविक आजच्या इंजेक्शन प्रणालीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरवली, तर इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमुळे बचत तर होत नाहीच. उलट इंजिनाचा रोध गमावल्याने सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. वीस वर्षांचा अनुभव हा कधी कधी एकच चूक वीस वर्षे केल्याचा अनुभव असतो.

परदेशांतील अभ्यासही या वादाला एकतर्फी कौल देत नाहीत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डीकाल्ब काउंटीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. सखोल अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना मिळालेला लाभ सुरुवातीच्या काही महिन्यांनंतर फारसा टिकला नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावरील प्रशिक्षण सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले; कौशल्यापेक्षा आत्मविश्वासच अधिक बळावला, असा त्याचा अर्थ लावला गेला. याउलट स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचे वय साडेसतरावरून सोळावर आणले, परवान्याचे वय मात्र अठराच ठेवले. या सवलतीचा लाभ घेणाऱ्यांनी जाणत्यांच्या देखरेखीखाली सरासरी सुमारे १२० तास सराव केला आणि पुढे त्यांचे अपघात लक्षणीयरीत्या कमी झाले. प्रशिक्षण पाया घालते; त्यावरची इमारत देखरेखीखालील दीर्घ सरावानेच उभी राहते, हा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे २०२१ मध्ये अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. हलक्या वाहनांसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यात महामार्ग, ग्रामीण रस्ते आणि चढ-उतारांवरील सराव, तसेच सिम्युलेटर व चाचणी मार्ग ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र या केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट देण्यात आली. जो शुल्क घेऊन शिकवतो तोच उत्तीर्णही करतो, ही रचना कोणत्याही परीक्षेत शंकास्पद ठरेल. प्रशिक्षणाचा दर्जा उंचावण्याची किंमत म्हणून स्वतंत्र परीक्षकाला रजा देणे हा सौदा महागात पडू शकतो.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो तीस दिवसांत उरकण्याची औपचारिकता न मानता सरावाचा काळ मानता येईल. जर्मनीत चाचणीपूर्वी गावाबाहेरील रस्ते, महामार्ग आणि रात्रीची वेळ मिळून बारा विशेष फेऱ्या प्रशिक्षकासोबत सक्तीच्या असतात. आपल्याकडे पाऊस, घाट आणि रात्र यांची नोंदवही सादर केल्यावरच चाचणीची तारीख देता येईल. चाचणी मात्र सर्वांसाठी एकच आणि स्वतंत्र असावी.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. त्याची कारणे अनेक आहेत. रस्त्यांची रचना, बेफाम वेग आणि ढिली अंमलबजावणी यांचा त्यात वाटा आहेच आणि सारा दोष नवशिक्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु चालक घडवण्याची प्रक्रिया हा सर्वस्वी आपल्या हातातला भाग आहे. अनुभव प्रत्येकाला घ्यावाच लागतो. तो परवान्याआधी जाणत्याच्या नजरेखाली घ्यायचा, की परवान्यानंतर रस्त्यावरील अनोळखी माणसांच्या जिवावर, एवढेच ठरवायचे आहे.