ग्रेगोरची कूस आणि आपली मान

काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ (१९१५) आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. परात्मभाव, अस्तित्वाची निरर्थकता, आधुनिक माणसाचे एकाकीपण हे सारे शब्द आपल्यापाशी तयार असतात. मात्र जागा झालेल्या ग्रेगोरला कुशीत पूर्वी कधी न जाणवलेली एक मंद कळ जाणवते आणि लगोलग तो आपल्या दगदगीच्या फिरतीच्या नोकरीविषयी चडफडू लागतो, ही साधी गोष्ट आपल्या टिपणांत येत नाही. आजारी आहे असे कळवावे, तर मालक विमायोजनेचा डॉक्टर घेऊन येईल. आणि त्या डॉक्टरच्या लेखी सगळी माणसे ठणठणीत, फक्त कामचुकार! हे लिहिणारा गृहस्थ १९०८ पासून प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. शरीर आणि नोकरी यांचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा बरा ठाऊक असावा.

आता स्टाफरूममध्ये या. आमचे तासिका तत्त्वावरचे एक सहकारी दोन वर्षे मानदुखी घेऊन वावरत आहेत. दोन गावांतली दोन महाविद्यालये, एसटीचा प्रवास, तासांवर मोजलेला आणि महिनोन्महिने रखडणारा मोबदला, सुट्टीत तोही नाही, आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत. एमआरआयमध्ये ‘विशेष काही नाही’. त्यावर ज्येष्ठांचे सल्ले : योगासने करा, उशी बदला, मनाला लावून घेऊ नका. ‘मानसिक आहे हो ते’ हे पाठीमागे. असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

एमआरआय स्वच्छ म्हणजे दुखणे खोटे, हे अनुमान वैद्यकाने केव्हाच सोडले आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. सततच्या ताणात स्नायू आखडतात, झोप मोडते, मज्जासंस्था अधिक संवेदनशील होऊ शकते; मग इजा नसतानाही इशारे येतच राहतात. बोइंगच्या ३,०२० कामगारांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काम क्वचितच आवडते असे सांगणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचे प्रमाण अडीचपट आढळले. या आकड्याचा सोयीस्कर अर्थ असा की, नाखूश माणूस कुरकुरतो. काम का आवडत नाही, हे मग विचारायलाच नको.

‘ताण’ हा शब्द दोरीचा. दोरीला ताण असतो तेव्हा कुणीतरी ती ओढत असते. ‘ताण-व्यवस्थापन’ या शब्दाने ओढणारा गायब केला आणि दोरीलाच सैल व्हायला शिकवणारी एकदिवसीय कार्यशाळा ठेवली. (प्रमाणपत्रासह. ते नॅकच्या फाईलमध्ये लागते.)

वेदना, नकार, विद्रोह ही त्रयी दलित साहित्याच्या समीक्षेने आपल्याला दिली. तिच्यावर आपण प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा प्रश्न काढतो. पुस्तकातल्या वेदनेमागची व्यवस्था विद्यार्थ्यांना दाखवणारे आपण, शेजारच्या खुर्चीतली मान दुखू लागली की थेट उशीवर येतो! ही विसंगती अनवधानाची नाही. तिच्यामागची व्यवस्था पाहायची तर वेळापत्रक कोण आखते, जादा तास कुणाच्या माथी मारले जातात, हेही पाहावे लागेल. आणि तिथे आपल्याच सह्या आहेत.

गेल्या आठवड्यात त्या सहकाऱ्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे आणखी दोन गठ्ठे आले. त्यातला एक माझ्या वाट्याचा होता. त्यांनी नाही म्हटले नाही. नाही म्हणता येईल अशी त्यांची नेमणूकच नाही.