पायंडा पडेल म्हणे!

केक ही वस्तू आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे मला अलीकडे वारंवार ऐकविले जाते. ऐकविणारे आमच्या वारूळवाडीतलेच एक शिकलेसवरलेले, घरंदाज सद्गृहस्थ आहेत. वाढदिवसाला औक्षण करावे, दिवा लावावा. दिवा फुंकून विझविणे आणि सुरी चालविणे हे आपले नव्हे, असा त्यांचा पक्ष. ऐकायला तो गोड आहे. दिवाळीचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांनाही पटण्याचा संभव आहे, म्हणूनच त्याची चिरफाड आजच केलेली बरी.

आमच्या शेजारी नारायणगावला टोमॅटोचा केवढा बाजार भरतो, हे पुणे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. हे फळ मुळात अमेरिकेतले; पण तेवढ्यासाठी कोणी शेतातले रोप उपटल्याचे मी ऐकलेले नाही. चकलीतली मिरची तिकडचीच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच, आणि त्याला तर आपण थेट एकादशीला बसविले! तेव्हा परकेपणाचा मुद्दा हा मुखवटा आहे. त्यामागचा चेहरा दाखवायचा तर थोडी हकीगत सांगावी लागेल.

मी गावातल्या एका बालवाडीत शिकवते. तिथे एक मावशी आहेत. मुलांची नाके पुसणे, खिचडी शिजविणे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फाटकापाशी उभे राहणे, हे त्यांचे बावीस वर्षांचे काम. मुलांचे वाढदिवस बालवाडीत होतात; त्यांच्या ताटल्या मावशी विसळतात. त्यांची स्वतःची जन्मतारीख कागदोपत्री १ जून. आमच्याकडे अशा एक जूनच्या माणसांची वाण नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली की ती जन्माला चिकटते. २०२४ सालच्या १२ जुलैला संध्याकाळी मावशींचे थोरले बंधू त्यांना न्यायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "पानशेत फुटलं न्हाई का, त्याच्या दुसऱ्या दिशी ही झाली." पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे उजाडल्यावर मावशींना त्रेसष्ट वर्षे पुरी होणार होती.

मी तीन मजली केक करायचे ठरविले. हाताशी एक रात्र, भट्टी नाही, आणि मावशी माळकरी, म्हणून अंडे नाही. मोठ्या पातेल्यात चाळलेली वाळू पसरून ती तापविली आणि तीवर लहानमोठी भांडी आळीपाळीने ठेवली. खालच्या थराला तीन वाट्या बारीक रवा, दोन वाट्या किसलेला गूळ, दीड वाटी दही, पाऊण वाटी साजूक तूप, लागेल तसे दूध. वरचे दोन थर त्याहून कमी मापाचे. मावशींच्या दाढा गेलेल्या आहेत, तेव्हा रवा अर्ध्या तासाऐवजी तासभर भिजू दिला. रसायनशास्त्र मी मॅट्रिकपुरतेच शिकले, पण एवढे कळते की दह्याच्या आंबटाशी खाण्याचा सोडा गाठ घेतो, वायूचे बुडबुडे उठतात आणि अंड्यावाचून रवा फुलतो. मंद आचेवर एकेका थराला पाऊण-पाऊण तास गेला. उरलेले दही फडक्यात टांगले होते. पहाटे त्याचा चक्का झाला. साखर आणि वेलदोडा घालून तो तिन्ही थरांना लिंपला.

माझ्या आजीचे माहेर कोकणातले. ती काकडीचे धोंडस करी ते खाली विस्तव आणि झाकणावर विस्तव ठेवूनच. पातेल्यावर निखारे टाकताना मला विलायतेची आठवण झाली नाही, आजीची झाली. आणि विलायतेचीच गोष्ट हवी असेल तर बेकिंग पावडरची घ्या. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये ती सिद्ध केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हते. अंडे सोसत नाही म्हणून अंड्यावाचूनचे कस्टर्डही त्याने तिच्यासाठीच केले. एका माणसाच्या पोटाची काळजी दुसऱ्याने केली, त्यातून ही पूड निघाली. यात संस्कृती बुडण्यासारखे काय आहे?

"बेकरीतून आणायचा होता, कशाला रात्र जाळलीत?" असे काही हितचिंतक म्हणाले. बेकरीवर माझा राग नाही. मीही तिथले खाते. पण बेकरीवाल्याला मावशींच्या दाढा ठाऊक नाहीत.

सकाळी मुलांच्या आयांनी मावशींना पाटावर बसविले, औक्षण केले. निरांजन कोणी फुंकले नाही. ते शांतपणे तेवत राहिले. एवढ्यात आमचे सद्गृहस्थ काही कामाने आले. केक पाहून आधी ते संस्कृतीवर बोलले, मग मला बाजूला घेऊन खरे बोलले. "बाई, असा पायंडा पाडू नका. उद्या झाडणारी म्हणेल, परवा गाडीवाला म्हणेल." ह्याच गृहस्थांच्या नातवाच्या वाढदिवसाला पुण्याहून मोटारीच्या आकाराचा केक आला होता, मेणबत्त्या विझल्यावर टाळ्या वाजविण्यात हेच पुढे होते. त्या दिवशी केक परका नव्हता. तो मावशींपुढे आला तेव्हा परका झाला! ज्याने उभे राहून वाढायचे तो पाटावर बसला, हे त्यांना रुचले नाही. आणि ते उघड म्हणवत नाही म्हणून संस्कृतीला साक्षीला बोलावले.

मी म्हटले, "झाडणारीची तारीख मला ठाऊक आहे. गाडीवाल्याची तुम्ही विचारून ठेवा."

मावशींनी पहिला तुकडा स्वतः न खाता एका रडव्या पोराच्या तोंडात घातला, दुसरा भावाला दिला, आणि सवयीने उठून ताटल्या गोळा करू लागल्या. त्यांना दोन आयांनी पुन्हा खाली बसविले. त्या दिवशी ताटल्या मी विसळल्या. सद्गृहस्थांचीही त्यांत होती, बोटाने निपटलेली.